हिराताईंनी सोडलेली ओळ

हिराताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी यार्डाच्या खिडकीशी एका ड्रायव्हरवर ओरडत होतो. त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "आई गेली, काका." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि त्या ड्रायव्हरवर आणखी मोठ्यानं ओरडलो. मागून कुणीतरी पुटपुटलं, "साहेब आज फारच तापलेत." या गोष्टीला सहा आठवडे होतील. ते माझं रडणं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही... माझ्याही नाही.

पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या आमच्या कंटेनर यार्डात हिराताई एकोणीस वर्षं गेटपासच्या खिडकीवर होत्या. शिरढोणहून यायच्या. दोन-दोन दिवस न झोपलेले ड्रायव्हर रांगेतून त्यांच्यावर खेकसायचे. "रं बाला, तुजी गारी मी गिलली नाय, जरा दम धर," असं म्हणत त्या पास फाडायच्या. फारच झालं की स्टेशनरीच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडायच्या, तोंड धुवायच्या आणि परत खिडकीवर. आम्ही पुरुष त्या खोलीला 'हिराताईंची केबिन' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. "या सायब, तुमीपन या, जागा हाय," असं एकदा मला म्हणाल्या. मी हसून विषय टाळला.

शिफ्टचं रजिस्टर त्याच लिहायच्या. गाडी अडली, दिवा गेला, वॉचमनला कुत्रं चावलं, सगळं त्यात असायचं आणि प्रत्येक नोंदीखाली एक ओळ कोरी. कागद वाया जातो म्हणून मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "मागनं काय आठवलं तर लिवायला जागा नको?"

आठ वर्षांपूर्वी एका दुपारी यार्डात एक ड्रायव्हर ट्रेलर आणि कंटेनर यांच्यामध्ये चिरडला गेला. क्रेन थांबवायला हिराताई धावल्या, अँब्युलन्स त्यांनी बोलावली, त्याच्या बायकोला फोनही त्यांनीच केला. डोळ्यांना धार लागली होती, पण त्या बाईला इस्पितळाचा पत्ता त्यांनी तीनदा सांगितला, एकदाही न अडखळता. मी, यार्डाचा मॅनेजर, केबिनमध्ये नुसता उभा होतो. हेड ऑफिसमधून फोन आला, गेट किती वेळ बंद राहणार? मी पेपरवेट उचलला आणि टेबलावर हाणला. काच आरपार तडकली, कोपऱ्याचा तुकडा उडून माझ्या तळहाताला लागला. हिराताई आत आल्या, काही न विचारता स्वतःचा रुमाल माझ्या हाताला बांधला, तुकडे झाडून काढले. संध्याकाळी रजिस्टरात त्यांच्या अक्षरात नोंद होती : टेबलाची काच तडकली. वरून फाइल पडली.

एकोणीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं हे एकच खोटं असावं. ते माझ्यासाठी होतं.

तीन महिन्यांनी शिफ्ट इनचार्जची जागा निघाली. हक्क हिराताईंचा होता, त्यांनी अर्जही केला होता. हेड ऑफिसनं माझं मत मागवलं. त्याच तडकलेल्या काचेवर कागद ठेवून मी लिहिलं, "कामात चोख. मात्र भावनांवर ताबा नाही. अपघाताच्या वेळी रडत होत्या." जागा त्यांच्या कितीतरी नंतर लागलेल्या सावंतला मिळाली. तो बिनसलं की फायली भिरकावायचा, आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, माणसाचा दरारा आहे. त्याला काम हिराताईंनीच शिकवलं. मी काय लिहिलं ते त्यांना कधी कळलं का, मला माहीत नाही. सावंतचं नाव लागलं त्या दिवशी मात्र त्या स्टेशनरीच्या खोलीत बराच वेळ होत्या.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात शिरढोणला भेटायला गेलो ते हे सांगायचं ठरवूनच. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या.

"सायब, काच बदलली का?"

"नाही. चिकटपट्टीवर चाललंय."

"मंग फायली जपून ठेवा," म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पदरानं पुसले, लपवले नाहीत. माझ्या घशाशी ते वाक्य आलं होतं... मी औषधांची चौकशी केली, चहा संपवला आणि उठलो.

काल दुपारी मी स्टेशनरीच्या खोलीत गेलो. फळीवरच्या गठ्ठ्यातून ते जुनं रजिस्टर काढलं, त्या तिथं बसायच्या त्याच खुर्चीवर बसून पान शोधलं. काचेची नोंद, आणि खाली कोरी ओळ. ती माझ्यासाठी सोडलेली नव्हती एवढं मला कळतं. तशी ती प्रत्येक नोंदीखाली आहे. तरी पेन काढलं आणि लिहिलं : फाइल पडली नव्हती. काच मी फोडली. हिराताई रडत होत्या आणि काम करत होत्या. मी काहीच करत नव्हतो.

खाली सही केली, तारीख घातली. मग दार लोटून घेतलं आणि तिथंच बसून राहिलो. मला पाच मिनिटं पुरली नाहीत.