आईची स्कूटर आणि दोन बेल्ट

आमच्या घरात एक भांडण जवळजवळ माझ्याच वयाचं आहे. आई म्हणायची, "धारवाडच्या मैदानावर मी एकटीनं स्कूटर चालवली होती की!" अप्पा म्हणायचे, "चालवत मी होतो, तू पाठीमागं बसली होतीस. कॅमेरा माझ्या मित्राच्या हातात होता." अप्पांना अण्णा म्हणणारे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, त्या दिवशी तिथं नव्हतेच, पण साक्ष मात्र ठामपणे अप्पांच्या बाजूनं द्यायचे. आम्ही सगळे हसायचो. आई हसत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या दिवशी काढलेल्या फिल्मचं रीळ प्रोजेक्टरसकट माळ्यावर होतं. "बेल्ट गेलेत, आता कुठं मिळत नाहीत," असं अप्पा म्हणाले की विषय मिटायचा. अप्पा गेले तरी तो मिटलेलाच राहिला.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आईची गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. हुबळीत केशवापूरला घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "मला ते रीळ बघायचंय. तुझ्या काकांसमोर." मोबाइलवरचं तिला दिसत नाही, भिंतीएवढंच हवं. मी म्हटलं, या रविवारी दाखवते. निवृत्त विज्ञान शिक्षिकेला असली फुशारकी शोभतेच.

प्रोजेक्टरचं मागचं झाकण उघडलं आणि माझा चेहरा पडला. रबराचे दोन्ही बेल्ट वितळून डांबर झाले होते. मोटर फिरत होती, दिवा लागत होता, पण मोटरची गती चाकांना पोचवणारं मधे काहीच नव्हतं. दोन दिवस स्पिरिट आणि कापसानं चाकं पुसली. मग दोऱ्यानं मापं घेऊन जुन्या हुबळीतल्या बेअरिंगच्या दुकानात गेले.

"एन बेक्री अक्का?" दुकानदारानं काय हवं ते विचारलं. मी दोरे पुढं केले. त्यानं कानडीतच बजावलं, रबर मापापेक्षा आखूड घ्या, ताण बसला पाहिजे. मला कोण शिकवतोय, म्हणून मी बरोबर मापाचेच घेतले. घरी येऊन लावले तर ते चाकावर नुसते घसरत राहिले. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं जाऊन आखूड घेतले. तो मिशीत हसला.

शनिवारी एक पांढरं पडलेलं निकामी रीळ लावून बटण दाबलं. प्रोजेक्टर खडखडत चालू झाला. मला आनंदानं ओरडायचं होतं, तोच फिल्म भसाभस जमिनीवर सांडायला लागली. ती गुंडाळून घेणारं चाक उलटं फिरत होतं. बेल्ट काढला, घातला, पुन्हा तेच. जुना बेल्ट कसा बसवला होता ते सांगायला जुना बेल्टच उरला नव्हता. मी चिडून पाना आपटला.

आई खुर्चीत बसून ऐकत होती. "उलटं फिरतंय होय? मग पट्ट्याला मधे एक पीळ दे की."

"आई, तुला यातलं काय कळतंय?"

"माझ्या माहेरी पिठाची गिरणी होती. एका इंजिनावर दोन यंत्रं. ज्याला उलटं फिरवायचं त्याचा पट्टा फुली मारून घालायचे. तू मुलांना काय शिकवलंस गं इतकी वर्षं?"

हेच शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून. मी बेल्टला पीळ दिला, मधोमध फुली पडली, बटण दाबलं, आणि चाक फिल्म शहाण्यासारखं गुंडाळू लागलं. जिंकलो! मी आईला खुर्चीसकट मिठी मारली.

रविवारी जेवणं झाल्यावर खिडक्यांना चादरी लावल्या. आईची खुर्ची भिंतीपासून चार हातांवर ठेवली. काका तांबूल चघळत म्हणाले, "वहिनी पाठीमागंच दिसणार, बघा."

भिंतीवर मैदान उजळलं. लांबून एक स्कूटर आली. पदर खोचलेली, दात दाखवून हसणारी एक मुलगी हँडल घट्ट धरून बसली होती. पाठीमागची सीट रिकामी. ती थेट आमच्या अंगावर आली, चित्र जोरात हेलकावलं, आभाळ दिसलं, मग गवत. आणि गवतात चप्पल निसटलेला एक पाय. त्याचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा. तसा अंगठा मला आहे, काकांनाही आहे.

काका खुर्चीतून उठले. "हा तर अण्णाचा पाय! म्हणजे कॅमेरा अण्णाच धरून होता?"

"मग कोण?" आई म्हणाली. "मला ब्रेक सापडला नाही. घाबरून उडी मारली त्यांनी. ते कुणाला कळू नये म्हणून जन्मभर बेल्ट मिळत नव्हते."

आम्ही इतके हसलो की काकांना ठसका लागला. मग त्यांनी आईसमोर हात जोडले. "वहिनी, चुकलो. तूच चालवलीस." आईनं मान हलवली, निकाल ऐकून घ्यावा तशी. या वेळी सगळ्यांत मोठ्यानं तीच हसत होती.

मग पदरानं डोळे पुसून तिनं खुर्ची आणखी पुढं सरकवायला लावली.

"परत लाव," म्हणाली. "मी दिसले नाही तरी चालेल. ते उडी मारतात तेवढं नीट बघू दे."