दमयंतीचे सत्त्याऐंशी

पनवेलच्या कोळीवाड्यातली दमयंती बुधाजी कोळी म्हणजे चौथीपर्यंत शिकलेली, त्रेपन्न वर्षांची, अंगाने भरलेली आणि तोंडाने त्याहून भरलेली बाई. मासळी बाजारात शिरलं की डाव्या हाताचा तिसरा ओटा तिचा. पापलेट उगाच दाबदाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "दाबतेस कशाला बाय, पाय दुखतात काय त्याचे?" गिऱ्हाईक चिडायचं, पण पुढच्या रविवारी परत तिच्याचकडे यायचं.

तिचा नवरा बुधाजी छप्पन्न वर्षांचा. तरुणपणी तो उरणच्या एका ठेकेदाराची जीप चालवायचा, आणि त्या जीपच्या जिवावर त्याने उरलेलं आयुष्य काढलं होतं. वाड्याजवळच्या चहाच्या टपरीवर गाडीचा विषय निघायचा अवकाश, बुधाजी सुरू. घाटात ब्रेक फेल झाले तेव्हा त्याने जीप कशी डोंगराला घासत थांबवली, ही गोष्ट टपरीवाल्याला इतकी पाठ झाली होती की बुधाजी खोकायला थांबला तर पुढचं वाक्य तोच म्हणायचा.

घरात एक ओम्नी होती. मागच्या सीटा काढून तिथे टोपल्या आणि बर्फ ठेवायची सोय केलेली. कधीकाळी पांढरी असावी. रोज पहाटे नवरा-बायको तिच्यातून उरणजवळच्या करंजा बंदरावर जायची, लिलावात मासळी घ्यायची आणि आठच्या आत पनवेलच्या बाजारात आणायची. अख्खा कोळीवाडा समजून होता की गाडी बुधाजी चालवतो. वाड्यातून निघताना तोच चालवायचाही. पण गावाबाहेर पेट्रोल पंपाच्या मागे गाडी थांबायची, बुधाजी उतरून डावीकडे यायचा, आणि दमयंती लुगड्याचा काष्टा आवळून स्टिअरिंगवर बसायची.

हे तीन वर्षं चाललं होतं. बुधाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोरून कंटेनर आला की त्याला एकाचे दोन दिसायचे, आणि एकदा त्या दोन्हींच्या मधून जायचा त्याचा विचार होता. त्या दिवशी दमयंतीने किंचाळून गाडी थांबवली, त्याला खाली उतरवलं आणि स्वतः बसली. दहा वर्षं त्याच्या शेजारी बसून तिने त्याचे पाय बघितले होते, कुठला कधी दाबायचा ते तिला ठाऊक होतं. खाडीच्या बांधावर चार दुपारी हात साफ केला आणि विषय संपला. लायसन वगैरे भानगड असते हे तिला माहीत होतं. पण बाजारात बसायलाही कसलासा परवाना लागतो असं ऐकून ती तीस वर्षं बाजारात बसतच होती.

दोन हजार बाराची गोष्ट. दसरा होऊन पहिला रविवार आला. नवरात्रात नऊ दिवस बटाटे खाऊन कंटाळलेलं पनवेल पिशव्या घेऊन बाजारात तुटून पडणार होतं. लिलावाला त्या दिवशी उशीर झाला. दमयंतीची बाजारातली जुनी वैरीण गंगाबाई आपल्या मैत्रिणींबरोबर टेम्पोत बसायच्या तयारीत होती. गंगाबाई आधी पोचली म्हणजे दर रविवारी टोपलीभर मासळी उचलणारा खानावळवाला हातचा गेला. दमयंतीने टोपल्या भरल्या, बुधाजीला आत कोंबलं आणि निघाली.

जासई मागे पडली. बुधाजीचा डोळा लागला होता. गव्हाण फाट्याच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला आणि दमयंतीने पाय खाली दाबला. टेम्पो मागे गेला. गंगाबाईचं तोंड तिने आरशात बघून घेतलं. आणि तेवढ्यात एका झाडाआडून ट्रॅफिक हवालदार हात करत रस्त्यावर आला.

"मावशी, लायसन दाखवा," असं म्हणत हवालदार खिडकीशी वाकला आणि वासाने लगेच दोन पावलं मागे गेला. "इथे साठची मर्यादा आहे. तुम्ही किती होता माहितीये?"

"नाय."

हवालदाराने यंत्र तिच्यासमोर धरलं. लाल आकड्यांत सत्त्याऐंशी.

दमयंतीने आकडा बघितला. मग हवालदाराकडे बघितलं. "यो आकडा माजा?"

"तुमचाच."

"मशिन बरोबर हाय ना तुजी? बघ बाबा नीट."

"अगदी बरोबर आहे, मावशी."

"अगो बाय," दमयंती म्हणाली, आणि हवालदाराच्या लक्षात आलं की बाई घाबरलेली नसून खूश झालेली आहे. "मगाशी ती निली गाडी गेली, तिचा किती झाला?"

"त्यांचा एकाहत्तर. मावशी, लायसन!"

एव्हाना बुधाजी जागा झाला होता. खाकी रंग दिसताच त्याने डोळे न चोळता जबाब दिला, "साहेब, गाडी मी चालवतो."

"काका, तुम्ही डावीकडे बसलाय."

बुधाजीने समोर हात फिरवून स्टिअरिंग शोधलं. सापडलं नाही. "आत्ताच इकडं सरकलो," तो म्हणाला.

हवालदार हसला, पण पावती फाडलीच. वेगाचा दंड जागेवर भरून घेतला आणि विनालायसन चालवल्याबद्दल कोर्टाची तारीख दिली. मग त्याने बुधाजीचं लायसन मागितलं. प्लास्टिकच्या पाकिटातून निघालेल्या फोटोतल्या केसांचा तो तुरा बघून पुन्हा हसला आणि म्हणाला, "काकांकडे आहे ना? मग इथून पुढे काका चालवतील."

दमयंतीने तोंड उघडलं. पण सांगणार काय? गाडी चालवणाऱ्याला लायसन नाही, आणि लायसनवाल्याला दिसत नाही?

गव्हाण फाट्यापासून पनवेलपर्यंतचा तो प्रवास पुढे कोळीवाड्यात बरीच वर्षं सांगितला गेला. बुधाजी नाक काचेला टेकवून चालवत होता. दमयंती शेजारून ओरडत होती. "डावीकडं! अवं, ती म्हस हाय, भोंगा काय वाजवताय! आता थांबा. थांबा म्हनते ना!" एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना वळून वळून बघत राहिला. वाटेत पेट्रोल पंप आला, पण मागून पोलिसाची मोटारसायकल येतेय असं वाटून अदलाबदल करायची हिंमत झाली नाही. तो दूधवाला होता.

बाजारात पोचायला साडेअकरा वाजले. बर्फाचं पाणी झालं होतं. खानावळवाला गंगाबाईकडून सुरमई घेऊन गेला होता, आणि बातमी सगळ्या ओट्यांवर फिरून परत दाराशी आली होती. पहिल्या ओट्यावर दमयंतीला पोलिसांनी अडवलं होतं. पाचव्यापर्यंत तिने पोलिसाला उडवलं होतं. सुकटवालीपर्यंत जाईतो पोलीस बिचारा दवाखान्यात होता.

"मेला नाय ना गो?" सुकटवालीने काळजीने विचारलं.

घरी सून कोमलने पावती वाचून दाखवली. कोमल बीकॉम झालेली, सरकारी कागद ती ठणठणीत आवाजात वाचायची. चालकाचं नाव वाचल्यावर मुलगा प्रितम जेवता जेवता थांबला. तो बंदराच्या एका गोदामात कारकून होता आणि घरात नियमांचा मक्ता त्याच्याकडे होता.

"आई, गाडी तू चालवतेस? कधीपासून?"

"तीन वर्सं झाली."

"आणि बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की," बुधाजी म्हणाला. "पहाटे जरा धुकं असतं."

"आणि दुपारी?"

"दुपारी ऊन असतं."

बुधाजी तीन दिवस टपरीवर गेला नाही. चौथ्या दिवशी गेला तेव्हा टपरीवाल्याने चहा दिला आणि विचारलं, "बुधाजीकाका, घाटात ती जीप थांबवली ती तुम्हीच ना, का शेजारी कोणी होतं?" बुधाजी अर्धा चहा टाकून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दमयंतीला वाईट वाटलं. तिने त्याच्यासाठी बोंबील तळले, पण तोंडातून निघालं ते असं, "उठा, गिला. वास तरी दिसतोय ना?"

कोर्टाच्या तारखेला दोघंही गेली, कारण गाडी बुधाजीच्या नावावर आणि विनालायसन माणसाच्या हाती दिल्याचा गुन्हा त्याच्यावर. दमयंती ठेवणीतलं हिरवं लुगडं आणि गळ्यात सोन्याचा सर घालून गेली होती. न्यायाधीश बाई होत्या, तिच्या मुलीच्या वयाच्या.

"गुन्हा कबूल आहे?"

"वेगाचा कबूल हाय. लायसनचा पन कबूल हाय. पन मॅडम, बाईला चालवता येत नाय असं कुटं लिवू नका. तीन वर्सांत गाडीला वरखाडा नाय."

"तसं कोणी लिहीत नाहीये," न्यायाधीश बाई खाली बघत म्हणाल्या. कारकुनाला मात्र हसू लपवता आलं नाही.

मग बुधाजीची पाळी आली. आपल्या घरात निदान एक तरी कायदेशीर माणूस आहे हे दाखवावं म्हणून त्याने न विचारता लायसन पुढे केलं. न्यायाधीश बाईंनी ते उलटसुलट करून बघितलं.

"याची मुदत सहा वर्षांपूर्वी संपली आहे."

"माजी?" बुधाजी म्हणाला.

"तुमच्या लायसनची. पन्नाशीनंतर ते नवीन करून घ्यावं लागतं."

दमयंतीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तीन वर्षं ती त्या पाकिटाच्या धाकात, चोरासारखी पंपामागे जागा बदलत होती. "म्हंजे तुमी पन चोरच," ती म्हणाली. ती हळू बोलली होती, पण तिचं हळू म्हणजे बाजारातलं हळू. शेवटच्या बाकावरचा वकीलही हसला.

दोघांना दंड झाला. बाहेर आल्यावर बुधाजी म्हणाला, "आपन दोगंबी लायसन काडू." या वाक्यात त्याने स्वतःला आपोआप दमयंतीच्या शेजारी उभं केलं होतं.

पन्नाशीपुढच्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागत होता, आणि दमयंतीला तो लगेच मिळाला. मग डॉक्टरने बुधाजीला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. बुधाजीने ती खडाखडा वाचली. आधीचा माणूस वाचत असताना त्याने नीट ऐकली होती. डॉक्टरने तक्ता उलटा केला. बुधाजीने तीच अक्षरं पुन्हा त्याच ठेक्यात म्हटली. डॉक्टरने दाखल्याऐवजी ऑपरेशनची चिठ्ठी दिली.

ऑपरेशनला बुधाजी घाबरत होता, म्हणूनच तर तीन वर्षं धुकं आणि ऊन चाललं होतं. डोळ्यात सुरी घालतात म्हणे. दमयंती म्हणाली, "मी रोज शंबर माशांचे डोले बघते, एक पन तक्रार करत नाय." हे ऐकून त्याला धीर आला असं म्हणता येणार नाही. तरी तो गेला, कारण टपरीवर तोंड दाखवायला दुसरा मार्ग नव्हता. दवाखान्याच्या दारापर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही, आणि कोळीवाड्यात लग्नातही कोणी कोणाचा इतका वेळ हात धरत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बुधाजीने डोळे मिचकावले आणि दमयंतीकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"दमे, तू एवडी म्हातारी कवा झालीस?"

"तुमी झोपला होता तवा," ती म्हणाली, आणि पदराने त्याच्या गालावरचं पाणी टिपलं. ते औषधाचं होतं असं दोघांनीही मानून घेतलं.

इकडे कोमल सासूला चिन्हं शिकवत होती. शिकाऊ लायसनची परीक्षा दमयंती एका दमात पास झाली. 'ओव्हरटेक करू नये'चं चित्र तेवढं तिला पटत नव्हतं. पक्क्या लायसनच्या चाचणीला मात्र ती नापास झाली. इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून ओम्नीत बसला आणि म्हणाला, "आठचा आकडा काढा." तिने तो इतक्या झपाट्याने काढला की इन्स्पेक्टरचा रुमाल एकीकडे गेला आणि टोपी दुसरीकडे.

"बाई, परीक्षा आहे, शर्यत नाही!"

"मासली वाट बगते साहेब."

"आत मासळी आहे?"

"थोडी हाय."

दुसऱ्या खेपेला तिने गाडी रिकामी नेली, धुऊन नेली, आणि आठ असा काढला जसा कोणी रांगोळीचा काढावा. पास झाली. बुधाजी त्याच दिवशी चाचणीला होता. त्याला आता मैदानाच्या टोकाचा खांबसुद्धा दिसत होता, आणि तो खांब त्याने सरळ जाऊन आडवा केला. इतकी वर्षं न दिसणाऱ्या वस्तू चुकवायची सवय झालेली, दिसणारी कशी चुकवायची हे तो विसरला होता. त्याने पुन्हा अर्ज केला नाही. टपरीवर तो सांगू लागला की दमयंतीला त्यानेच शिकवलं, आणि टपरीवाल्याने हे दमयंतीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मग कोनी? त्यांचेच पाय बगून शिकले."

लायसन आलं त्याच महिन्यात गंगाबाईचा टेम्पोवाला कळंबोलीच्या ट्रकांवर नोकरीला निघून गेला. एका पहाटे गंगाबाई टोपल्या घेऊन ओम्नीपाशी येऊन उभी राहिली. दमयंतीने पुढचं दार उघडलं. तेव्हापासून गंगाबाई पुढे बसते आणि बुधाजी मागे टोपल्यांमध्ये, बर्फाच्या गोणीला टेकून. दमयंतीचा वेग काही कमी झालेला नाही, फक्त गव्हाण फाट्याला ती शहाण्यासारखी साठवर येते. बुधाजीला आता सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून जासईपासून तो डोळे घट्ट मिटून बसतो.