आमच्या शहराचा अग्निशमन बंब

मित्रांनो, आज दुपारी मी नगरपरिषदेत गेले होते. आपण भरलेल्या घरपट्टीतून बंब घ्यायचं ठरलं होतं, पण राज्याने तो पैसा दुसऱ्याच योजनेकडे वळवला. त्याविरुद्ध आज ठराव होता.

माझ्या शेजारच्या शमीमआपा बोलायला उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या यंत्रमागाच्या शेडला आग लागली, तेव्हा त्यांचे पती आत होते. "नाशिकहून बंब येईपर्यंत हे आतच गेले," एवढंच त्या म्हणाल्या.

सगळ्या पक्षांनी एकमताने ठराव मंजूर केला. मुख्याधिकारी हळूच म्हणाले, "ठराव वर पाठवतो. पैसा परत येईल असं मात्र वाटत नाही."

घरी येताना आपांनी विचारलं, "आता आग लागली तर कुणाला बोलवायचं गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?