नटावरची रेघ

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडलेली होते. खरं तेच आधी लिहिते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. शाहूपुरीतल्या शोरूममध्ये मी एसीत कॉफी पीत बसले होते. काचेपलीकडे माझी स्कूटर सर्व्हिसिंगला चढवलेली. तेवढ्यात सुपरवायझर बाहेर आला आणि हसू दाबत म्हणाला, “मॅडम, नटांना नेलपॉलिश कुणी लावलंय? मागच्या चाकाला, सायलेन्सरला, सगळीकडं हाय की!” बसलेली दोन माणसं वळून माझ्या नखांकडे बघू लागली. माझ्या गाडीला मला न विचारता हात लावणारी जगात एकच बाई होती, माझी धाकटी बहीण. “पुसून टाका सगळं,” मी म्हणाले. तिला झापायला फोन काढला, तर तोच वाजला. तिच्या शेजारच्या काकू होत्या. सुमन शाळेत शिकवायला निघताना दारातच कोसळली होती... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तूच वाढवलंस. मी मान हलवते. पण मी तिच्यावर आयुष्यभर जळले, हे कुणाला सांगणार? आमचं लहानपण बिद्रीला, साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. आप्पा वर्कशॉपमध्ये फिटर होते. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून ते आपली मोपेड खोलून बसत, आणि तो अर्धा तास मला देवळात गेल्यासारखा वाटे. एकदा मी पाना उचलला, तर म्हणाले, “तू नगं हात लावूस. पावणं बघाय येणार हाईत तुला, नखात काळं जाईल.” मी एकोणीस वर्षांची होते. पाना माझ्या हातातून काढून त्यांनी सुमनला दिला. ती तेरा वर्षांची, तिला कुणी बघायला येणार नव्हतं.

त्याच पाहुण्यांसाठी आईनं मला मरून रंगाच्या नेलपॉलिशची बाटली आणली होती, माझी पहिली. दुसऱ्या दिवशी बघते तर अर्धी रिकामी! सुमननं मोपेडचे नट आवळून प्रत्येकावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढली होती. नट फिरला की रेघ तुटणार, नुसतं बघून कळणार. मी रडून घर डोक्यावर घेतलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “काय डोकं हाय पोरीचं! वर्कशॉपात आमी रंग लावतोय, हिनं घरातच हुडकून काढलं की!” असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर जी थाप मारली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. तसली थाप माझ्या पाठीवर कधी पडली नाही. पुढं माझं लग्न झालं, मी कोल्हापुरात आले. सुमनलाही इथल्याच शाळेत नोकरी लागली. तिनं लग्न केलं नाही. आई गेल्यावर आप्पा तिच्याकडेच राहायला आले.

दर रविवारी मी स्कूटरवरून त्यांच्याकडे जायची. मी आत मटणाला वाटण लावतेय आणि बाहेर बापलेकीचं ब्रेक, ऑइल, फिल्टर चाललंय, असा तो रविवार. मला हाक यायची ती चहापुरती. एकदा सुमन म्हणाली, “अक्का, ऑइल बदलाय एसीत बसाय लागतंय व्हय? अर्ध्या तासाचं काम हाय, मी करून देतो की.”

“वॉरंटी जाती,” मी म्हणाले.

“वॉरंटी संपून तीन वर्सं झाली!”

आप्पा ठसका लागेपर्यंत हसले. मी पुढच्याच आठवड्यात शोरूमला गेले, मुद्दाम. तिथं मला खुर्ची मिळायची, मॅडम म्हणायचे, सर्व्हिसच्या पुस्तकात शिक्का मारून द्यायचे. पैसे दिले की ‘तू नगं हात लावूस’ असं तिथं कुणी म्हणत नव्हतं. माझं शोरूमवरचं प्रेम एवढंच होतं.

दहाव्याला माणसं आली. शाळेतला शिपाई सांगत होता, बाईंनी आपली गाडी कितीदा चालू करून दिली. शेजारच्या काकूही तेच सांगत होत्या. दूधवाला तर ओक्साबोक्शी रडला. आणि मी काय करत होते, तर बहिणीच्या फोटोसमोर बसून जळत होते. माझ्यासाठी एवढं कोण रडेल... त्यात आप्पा बोलून गेले, “तू आत सैपाकात गेलीस की ती तुझी गाडी तपासायची. दर रविवारी. ‘अक्काला सांगू नगा, रागावती’ म्हणायची.” मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

दोन रविवारांपूर्वी मी तिच्या घरी गेले, तेव्हा आप्पा दुपारचे झोपले होते. फळीवरचा तिचा बिस्किटाचा डबा मी काढला. आत पाने, फडकी आणि नेलपॉलिशची बाटली. बाटली नवी, रंग तोच मरून. अंगणात पोतं अंथरलं. पुसलेल्या जागी फिकट डाग राहिले होते, त्यावरून कळलं कुठले नट. एकेकाला पाना लावून बघितला. सायलेन्सरचा एक पाव फेरा फिरला. आवळला. मग रेघा ओढल्या. नखात काळं गेलं, ते मी चार दिवस काढलं नाही.

परवाच्या रविवारी आप्पा काठी टेकत अंगणात आले. त्यांना आता नीट दिसत नाही. माझ्या स्कूटरपाशी कष्टानं वाकले आणि नटावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

“बघ अक्के, रेघ अजून मोडली न्हाय. माझ्या सुमीचा हात हाय त्यो. शोरूमवाल्यास्नी जमंल व्हय असं?”

शब्द अगदी ओठांवर आले होते. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते कौतुक आज माझ्या कामाला मिळालं होतं, तिच्या नावानं. आप्पांचा अंगठा अजून रेघेवरच होता.

“व्हय आप्पा,” मी म्हणाले, “तिचाच हाय.”

मग चहा ठेवायला आत गेले. तिचा बिस्किटाचा डबा उघडला आणि ती बाटली उचलून माझ्या पर्समध्ये टाकली. तेवढी तरी माझी होती.