वांग्यांवर आलेली कवटी

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, आणि लिहायची सवय तुटून इतकी वर्षं झाली की पेन धरला की बोटं दुखतात. हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. पूर्णविराम मात्र मी विसरत नाही. आमचं गाव खडवलीच्या पुढे, बरंच आत. शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा नदीपलीकडे, तिकडे मुलींना कुणी पाठवत नसे. पण तेवढ्या काळात आमच्या बाईंनी एक गोष्ट पक्की करून घेतली. वाक्य उघडं टाकून जायचं नाही, म्हणायच्या.

मी स्वयंपाकाची कामं करते. सकाळी दोन घरं असतात. संध्याकाळी मानपाड्याला एका इमारतीत तीन पोरी भाड्याने राहतात, त्यांच्याकडे जाते. तिघी ठाण्याला नोकरीला. मी जाते तेव्हा घरी कुणी नसतं. खालच्या वॉचमन काकांकडून किल्ली घ्यायची, पोळीभाजी करून झाकून ठेवायची, ओटा पुसायचा आणि किल्ली परत द्यायची. मला हे काम आवडतं ते याचसाठी. समोर माणूस असला की माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासूनच.

पोरींशी बोलणं सगळं फोनवर. त्यांनी आम्हा चौघींचा एक ग्रुप केला होता. त्यात तिघींतली मोठी मला मराठीत लिहायची, काय करायचं, काय संपलंय ते. तिचा स्वभाव शांत, पैशाचा व्यवहारही तीच बघते. चष्मेवाली मात्र सगळं इंग्रजी अक्षरांत लिहायची, ती मला येत नाहीत. तिसरी फारसं काही लिहीतच नसे. मग चष्मेवालीचं मी काय वाचणार, तर नुसती चित्रं. हसरं तोंड, फूल, जोडलेले हात. त्यावरून अंदाज बांधायचा. मला टाइप करायला खूप वेळ लागतो, म्हणून मी दोन शब्द लिहायची. "ठीक आहे." पूर्णविराम देऊन.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला कल्याणला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची मुदत आली आणि आमचे अठरा हजार कमी पडले. नातेवाइकांकडे मागायचं माझ्यानं होईना. शेवटी पोरींच्या ग्रुपवर लिहिलं. ते लिहिताना मी त्यांच्याच ओट्याला टेकून उभी होते आणि कणीक तशीच पडली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी तिघींत मिळून पैसे पाठवले. दर महिन्याला पगारातून दीड हजार कापायचे ठरले. मोठीने लिहिलं, मावशी, टेन्शन घेऊ नका. मुलीला मी हे सांगितलं नाही. ती वसतिगृहात राहते, रविवारी घरी येते. आईने उसने काढून फी भरली हे कळलं असतं तर तिचं पुस्तकात मन लागलं नसतं. तिला वाटत होतं, भिशीचे पैसे आले.

पहिले दोन हप्ते कापून झाले. मग एका संध्याकाळी मी भरली वांगी केली. नवा मसाला आणला होता, डंकावर समोर उभं राहून कुटून घेतलेला, आणि वांगीही चांगली मिळाली होती. घरी पोहोचले, पाय धुतले, फोन बघितला. चष्मेवालीने वांग्यांच्या कढईचा फोटो टाकला होता. त्याखाली इंग्रजीत एक ओळ, आणि पुढे कवट्या. एक नाही, रांगच होती. कवट्यांच्या मागे जाळ.

मी खाली बसले. अन्नावर कवटी कोण टाकतं?

मुलीला विचारता येत नव्हतं, विचारलं असतं तर सगळा ग्रुप तिने वाचला असता. म्हणून आमच्या ह्यांना दाखवलं. हे एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत आहेत. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"अगं, ही आमच्या पिंपांवर असते," हे म्हणाले. "कवटी म्हणजे विषारी. जाळ म्हणजे पेट घेणारं. दोन्ही एकत्र असलं तर साहेब लोकपण जवळ जात नाहीत. काय घातलंस तू भाजीत?"

ह्यांचं सगळं आयुष्य त्या पिंपांत गेलेलं. मला त्यांचं खोटं वाटायचं कारणच नव्हतं. जाळ म्हणजे तिखट झालं असणार, आणि कवटी म्हणजे पोरींना बाधलं. मला एकच दिसायला लागलं. काम गेलं तर उरलेले पैसे एकदम द्यावे लागणार, आणि ते आणायचे कुठून? मुलीचं नर्सिंग सुटणार.

दुसऱ्या दिवशी मी मसाल्याची आख्खी बरणी बाजूला ठेवली. त्यांच्याकडचं तेलही हुंगून बघितलं. दुधी केला, हिरवी मिरची न घालता, नुसत्या जिऱ्यावर. रात्री ग्रुपवर रडकी तोंडं आली. डोळ्यांतून धारा लागलेली. पोट दुखतंय पोरींचं, मला वाटलं. मग मुगाची मऊ खिचडी केली. त्यावर आणखी रडकी तोंडं. मग मी मऊ भात आणि ताक दिलं, वर ओव्याची पुडी ठेवून आले, आजारी माणसाला ठेवतात तशी. त्या दिवशी मोठीने मराठीत विचारलं, मावशी, आज पण मऊच? मी लिहिलं, "ठीक आहे." म्हणजे मला म्हणायचं होतं की काळजी करू नका, बरं वाटेपर्यंत असंच देईन. एवढं सगळं टाइप करायचं म्हणजे मला अर्धा तास लागला असता.

त्यानंतर ग्रुप गप्प झाला. चित्र नाही, काही नाही. मी जायची, पातळ वरण करून यायची. कधी भात तसाच उरलेला दिसायचा आणि कचऱ्याच्या डब्यात बाहेरून मागवलेल्या जेवणाचे खोके. मी ते खोके चेपून पिशवीत भरायची आणि मला रडू यायचं.

मग मोठीचा मेसेज आला. मावशी, रविवारी सकाळी घरी याल का? थोडं बोलायचं आहे. पुढे ना फूल, ना हात जोडलेले. इतकं सरळ तिने कधी लिहिलं नव्हतं. हे म्हणाले, कामावरून काढायचं असलं की आमच्याकडेही असंच बोलावतात.

मी भिशीवालीकडे गेले. माझा नंबर यायला अवकाश होता. तो आधी दे, असं मला तिच्या दारात उभं राहून म्हणावं लागलं. ती म्हणाली, "कधी नाही ते तोंड उघडलंस, नाही कशी म्हणू?" सहा हजार मिळाले. ते रुमालात गुंडाळले. सगळे नाहीत, पण थोडे तरी हातावर ठेवता येतील, बाकीच्यांची मुदत मागता येईल. वाक्य मी वाटेत पाठ करत गेले. पोरींनो, सध्या एवढेच आहेत.

तिघी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. मला खुर्ची दिली. मी स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी राहिले, तिथे मला बरं वाटतं. मी रुमाल काढला तेवढ्यात मोठी म्हणाली, "मावशी, आमचं काही चुकलं का?"

हे काही मी पाठ केलेलं नव्हतं.

ती म्हणाली, त्यांना वाटलं मी रागावले आहे. पगारातून पैसे कापतात म्हणून मला राग आला असेल, तोंडावर बोलत नाही म्हणून जेवणातून काढते आहे. तिघींनी आपसात ठरवलंही होतं की हप्ता कमी करू या.

"आणि तुमचं ते ठीक आहे, टिंब," चष्मेवाली म्हणाली. "आम्ही एवढं मोठं लिहायचो आणि तुम्ही टिंब द्यायचात. तोंडावर दार लावल्यासारखं वाटायचं. मला तर तुमची भीतीच वाटायला लागलेली."

माझी भीती. आजपर्यंत कुणाला वाटली नव्हती. मी म्हणाले, पूर्णविराम द्यायचाच असतो, आमच्या बाईंनी शिकवलंय. मग बोलायला लागलेच होते म्हणून कसंबसं पुढचंही विचारलं.

"पण तुम्ही कवटी का टाकलीत?"

"कुठली कवटी?"

मी फोन काढून वांग्यांचा फोटो दाखवला. चष्मेवालीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. मोठीने खालची इंग्रजी ओळ वाचून दाखवली. यू किल्ड इट. म्हणजे काय, मी विचारलं.

"म्हणजे मावशी, तुम्ही मारून टाकलंत," चष्मेवाली म्हणाली.

माझं तोंड पडलेलं बघून मोठीने तिला चापट मारली. म्हणाली, अगं, नीट सांग ना. मग दोघींनी मिळून सांगितलं. एखादी गोष्ट इतकी आवडली, किंवा इतकं हसू आलं, की आता मेलोच, तेव्हा कवटी. मारून टाकलं म्हणजे कमाल केली, जाळ म्हणजे झकास. आणि रडकं तोंड म्हणजे खरं रडणं नाही, ते वांग्यांच्या आठवणीने. दुधी, खिचडी समोर ठेवून चष्मेवाली रोज वांग्यांसाठी रडत होती.

मी म्हणाले, आमचे हे म्हणाले पिंपावरची कवटी, विषारी माल. म्हणून मी मसाला बंद केला. म्हणून ओव्याची पुडी ठेवली.

"म्हणजे तुम्हाला वाटलं आम्हाला विषबाधा झालीय?" मोठी म्हणाली. तिसरी, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "मी खाल्ला तो ओवा. रोज. मला वाटलं पद्धत असेल."

चष्मेवाली हसायला लागली. हसता हसता सोफ्यावरून घसरून फरशीवर बसली, चष्मा काढला, मान मागे टाकली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, आवाजसुद्धा फुटेना. मोठीने तिच्याकडे बोट दाखवलं.

"बघा मावशी. ही आत्ता मेली. हीच ती कवटी."

तेव्हा मला समजलं. फोनवर ते चित्र आलं तेव्हा ही पोरगी अशी दिसत असणार. ती मला दिसत नव्हती, मला नुसती हाडं दिसत होती. मलाही हसू आलं. पदर तोंडाला लावून हसले, पण हसले. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं हलकं वाटलं. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलीच, की पोरींनो, दुसरं काहीही टाका, पण ताटावर बसून मरायचं नाव काढू नये. तिघींनी मान हलवली.

रुमालातले पैसे मोठीने घेतले नाहीत. म्हणाली, ठरलंय तसंच चालू द्या, मुलीला काहीतरी घ्या. त्यातून मी तिला कॉलेजचे पांढरे बूट घेतले, आणि उरलेले तिच्या मेसला भरले. त्याच सकाळी, सुट्टी असूनही, मी त्यांच्याकडे वांगी केली. मला लोकांसमोर स्वयंपाक करायची सवय नाही, पण त्या दिवशी तिघी ओट्याभोवती उभ्या होत्या आणि मी त्यांना मसाला कसा भरायचा ते दाखवत होते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या कंपनीत सगळा झकास मालच भरलाय म्हणायचा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर जेवेपर्यंत हसत होते. दुपारी मुलगी आली तर तिलाही सांगून मोकळे. कवटीमागून पैशाचीही गोष्ट बाहेर पडली. मुलगी रागावली नाही, पण संध्याकाळी जाताना म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मला विचार. चित्राचंपण आणि पैशाचंपण." मी हो म्हणाले.

त्यानंतर आमच्यात असं ठरलं, की माझ्यासाठी जे असेल ते मराठीत लिहायचं. चष्मेवाली आता मोडक्या मराठीत लिहिते. तिचं ऱ्हस्व-दीर्घ माझ्याहून वाईट आहे, हे बघून मला धीर आला. तरी अजून चुकतंच. मध्ये तिने नुसता उलटा हसरा चेहरा पाठवला, तेव्हा मी फोन उलटा करून बघितला. पण आता मी अंदाज बांधत नाही. विचारते. बोलून पाठवायचं बटणही मुलीने दाखवलंय. माझा आवाज ऐकून मोठी म्हणाली, मावशी, तुम्ही तर हळू आवाजात हसत बोलता, आणि लिहिता मात्र हवालदारासारखं. नवरात्रात तिघी टेंभी नाक्यावर देवीला गेल्या होत्या, येताना माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या, आणि घेऊ की नको हे विचारायला दुकानातूनच फोन केला. लिहून विचारलं असतं तर मी "ठीक आहे." म्हटलं असतं आणि त्यांना कळलं नसतं की मला किती आवडल्या.

आज महिन्याचा पगार आला. पूर्ण आला. मी दोनदा बघितला, काही कापलेलं नव्हतं. पाठोपाठ मोठीचा मेसेज, मावशी, मागच्या महिन्यातच हप्ते संपले, आता आपला हिशोब चुकता. चष्मेवालीने खाली एक कवटी टाकली आणि लगेच मराठीत लिहिलं, सॉरी मावशी, जेवत नव्हते.

मी ओट्याशी उभी होते, त्याच जागी जिथे कणीक तशीच टाकून पैसे मागितले होते. हात धुतले, पुसले आणि सावकाश टाइप केलं. "ठीक आहे. पैसे फिटले. तुमचे उपकार आहेत. आज वांगी आहेत." सगळे पूर्णविराम दिले. मग किल्ली वॉचमन काकांकडे देऊन घरी आले, आणि हे लिहायला बसले. अठरा हजार पूर्ण फिटले.