शेजाऱ्यांची काडतुसं

सौदीतल्या राबिघच्या कॅम्पात आमच्या शेजारी राहणारे नाशिकचे एक इंजिनिअर महायुद्धातली जर्मन सरावाची काडतुसं पारखतात. यांत दारू नसते. नवख्या सैनिकांना बंदूक भरायला शिकवण्यापुरतीच ती असत. देशोदेशीचे संग्राहक फोटो पाठवतात आणि यांचा चहा गार होतो.

"हे नकली," परवा ते म्हणाले. "ओरखडे एकाच बाजूला आहेत. खऱ्याच्या बुडाला कडेनं सगळीकडे असतात. शिकणाऱ्या पोरांनी पुन्हा पुन्हा भरलेलं नि काढलेलं असतं हो."

"मग एखादं खरं मागवत का नाही?" मी विचारलं.

"कस्टमवाल्याला काय सांगू, शिकवणीची गोळी आहे म्हणून? इकामा जायचा, इथं राहायचा परवानाच."

"म्हणजे हातात कधी घेतलंच नाही?"

"नाही," ते म्हणाले. मग फोटोतल्या काडतुसावरची धूळ उडवावी तशी त्यांनी फोनच्या काचेवर हलकेच फुंकर मारली.