माल्टाला नेलेलं ताट

माल्टा बेटावरचा माझा पहिलाच रविवार. दुपारचं ऊन डोक्यावर, मी एका बंद दारापुढे रस्त्यात उभा... आणि काखेत पितळी ताट.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. मी अकोला जिल्ह्यातल्या अकोटचा, अमरावतीला फिटरचं काम शिकलेला. मुंबईच्या ज्या कंपनीत होतो, तिने माल्टात सूतगिरणीची मशिनं बसवायला माणसं पाठवली, त्यात माझा नंबर लागला. देश म्हणावा तर एवढासा... आमचा अकोट तालुका त्याहून मोठा.

राहायला कार्मेनाबाईंकडे होतो. एकट्या विधवा बाई, इंग्रजांच्या घरी काम केलेलं, त्यामुळे इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं. रस्त्यावरून वेगळा जिना असलेली वरची खोली त्यांनी मला दिली होती, आणि गिरणीजवळ दुसरी खोली काही मिळत नव्हती.

त्यांनी रविवारी जेवायला बोलावलं. तिथे रविवारी घरोघरचे भाताचे, बटाट्याचे ट्रे बेकरीच्या भट्टीत जायचे आणि चर्चहून येताना लोक ते गरमागरम घरी न्यायचे. सगळ्या गल्लीला वास सुटलेला.

बाईंच्या दाराच्या कुलपात बाहेरून किल्ली तशीच ठेवलेली होती. त्या गावची तशी रीतच... शेजाऱ्याने यावं, किल्ली फिरवावी, आत शिरावं. मला हे बाईंनी सांगून ठेवलं होतं, तरी पाय उचलेना.

त्याला कारण माझा बा. बा अकोटला कापसाच्या जिनात हमाल होता. कोणाच्या दारी गेलं की पायरीखाली उभं राहायचं, हाक मारायची आणि थांबायचं, जेवायला बोलावलं तर आपलं ताट आपण न्यायचं, हे त्याने लहानपणापासून अंगी मुरवलेलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले जुने देव गेले, पण बाच्या काखेतलं ताट काही सुटलं नाही. मी निघालो तेव्हा तेच ताट त्याने माझ्या ट्रंकेत ठेवलं होतं.

तर मी हाका मारत उभा. बाईंना जरा कमी ऐकू यायचं. चर्चहून परतणारे लोक माझ्याकडे बघत होते... शेवटी बाईच उशीर का झाला म्हणून दार उघडून बाहेर आल्या.

त्यांची नजर ताटावर गेली आणि चेहरा पडला. "माझी ताटं तुला चालत नाहीत का?"

मी गारच पडलो. 'चालत नाही' हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो, पण ते आमच्याबद्दल. आमच्यामुळे कोणाला कमीपणा वाटू शकतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"ताट वर ठेवून ये. मग ही किल्ली फिरव आणि आत ये. जमत नसेल तर दुसरी खोली बघ." एवढं बोलून त्यांनी दार आतून लोटून घेतलं.

मी ताट ठेवून आलो. किल्लीला हात लावला... आणि फिरवली. त्यानंतर तिथे होतो तोवर रोज फिरवली.

पुढे एकदा मी त्यांना बाचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपलं ताट नेलं की बोलावणाऱ्याला लागतं, हे तुझ्या वडिलांना कोण सांगणार?"

परतीच्या बोटीवर पाय ठेवला तो ठरवूनच. आता बाच्या काखेतलं ताट सोडवायचं.

परत आलो त्याच वर्षी जिनाच्या शेठजींकडे नातवाचं बारसं होतं. कामावरच्या सगळ्यांना जेवण, आणि आमच्या लोकांनी ताट घरून न्यायचं हे ठरलेलं. बाने धुतलेलं धोतर नेसलं आणि माझ्या ट्रंकेतून तेच ताट काढलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं.

"बा, ताट राहू दे."

"काहून? मंग जेवाचं कायच्यात?"

"त्यायच्या ताटात."

बा भडकला. "बाहेर राहून आला तं लय शाना झाला. मले उद्या त्याच जिनात जा लागते."

त्याचं खरं होतं. काम गेलं असतं तर त्याचं गेलं असतं, माझं नाही. मग मी त्याला कार्मेनाबाईंच्या दारातली गोष्ट सांगितली, काही न लपवता.

बा ऐकत राहिला. "त्या बाईले वाईट वाटलं?" त्याने हळूच विचारलं.

"लय वाटलं, बा."

तो उठला आणि रिकाम्या हाताने चालू लागला...

शेठजींच्या अंगणात दिवाणजींनी आम्हाला अडवलं. "ताट नाही आनलं?" मी तोंड उघडणार, तोच बाने माझं मनगट दाबलं.

"नाही आनलं," बा म्हणाला. "तुमच्या घरची ताटं आमाले चालतात."

दिवाणजींनी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी होकाराची मान हलवली... आणि आमच्यापुढे दोन ताटं आली.

बाने ताट जवळ ओढलं आणि पहिला घास घेतला. दुसऱ्या दिवशी तो रोजच्यासारखा जिनात गेला आणि कोणी काही बोललं नाही.

ते पितळी ताट आज अमरावतीला माझ्या घरी आहे. घरी कोणीही आलं, की त्यालाच पहिलं त्यात वाढतो.

कार्मेनाबाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर रागावलात... फार बरं केलंत.